काहून मले विचारता

आईले माहीत नाही. भावाले माहीत नाही. विहारात दर रविवारी माझ्या बाजूले बसते त्या मावशीले माहीत नाही, अन् तिच्यापासून बालाघाटात कोणाची गोष्ट लपत नाही. चार वर्षं झाली. आज पहिल्यांदा हे बाहेर काढून राह्यली — निघते का नाही, तेही अजून पक्कं नाही. दोनदा लिहाले बसली, दोनदा उठून भांडे घासले. आई म्हणे, तुले आज झालं काय? काय सांगू तिले?

एक आधीच सांगून ठेवते. हे मी घरच्या बोलीत सांगते. ऑफिसात मी अशी बोलत नाही. तिथं मी 'मला' म्हणते, 'तुला' म्हणते, 'का बरं' म्हणते, 'बघूया' म्हणते — आमच्याकडं कोणी बघत नाही, आम्ही पाहतो. ती मराठी मी कानानं उचलली, आरशासमोर घोकली, अन् इतकी घोटली का आता कोणाले शंका येत नाही. पण ज्या मराठीत मी गप्प बसली, त्याच मराठीत सांगाले गेली तर पुन्हा काहीतरी गुळगुळीत बोलून मोकळी होईन. मी स्वतःले ओळखते.

माझं काम थोडं समजावून सांगावं लागते. कंटाळा येईल तुम्हाले, पण त्याच्याशिवाय मी काय केलं ते समजणार नाही. पुण्याची एक कंपनी आहे, नाव सांगत नाही. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी ती सॉफ्टवेअर चालवते. तुम्ही सकाळी रक्त देता, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येते — त्याच्या मागची यंत्रणा. मी इथं बालाघाटात, घराच्या मागच्या खोलीत बसून ती सांभाळते. ती यंत्रणा म्हणजे एक मोठा प्रोग्रॅम नाही. छोटे छोटे पुष्कळ आहेत, अन् प्रत्येक आपल्या बंद डब्यात चालते. त्या डब्याले कंटेनर म्हणतात. एक रिपोर्ट बनवते, एक मेसेज पाठवते, एक अपॉइंटमेंट लावते. आता ह्या प्रोग्रॅमायले एकमेकाच्या दारात जाले ओळख लागते. माणसाले जसं ऑफिसचं कार्ड, तसं त्यायले नाव द्यावं लागते, अन् कुठं जायचं, कुठं नाही, ते ठरवून द्यावं लागते. त्याले सर्विस अकाउंट म्हणतात. माणूस नाही, पण नाव आहे. अन् आत जायचा जो पासवर्ड असते, त्याले आमच्यात सीक्रेट म्हणतात. हे अकाउंट बनवणं, सीक्रेट सांभाळणं, वेळेवर बदलणं — हे माझं काम.

नियम काही अवघड नाही. ज्याचं त्याचं अकाउंट वेगळं. जेवढं लागते तेवढाच हक्क. अन् सीक्रेट कधी कोडच्या फाइलीत लिहून ठेवायचं नाही. हे मले कोणं शिकवलं? कुसुमताईनं.

कुसुमताई वारासिवनीची. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मी कॉलेजात होती तेव्हा ती बालाघाटले बस स्टँडच्या मागं कॉम्प्युटर क्लासात शिकवे. रोज वारासिवनीहून बसनं यायची, पर्समध्ये डबा, अन् चष्मा नेहमी डोक्यावर चढवलेला. पोरं हिंदीत प्रश्न विचारत, ती मराठीत उत्तर द्यायची, अन् सगळ्यायले समजायचं. पुढं घरून काम मिळाले लागलं तेव्हा ती पुण्याच्या ह्या कंपनीत लागली, चाळीशी उलटल्यावर, स्वतःच्या हिमतीवर. दीड वर्षानं तिचाच मले फोन — जागा निघाली आहे सुजा, अर्ज टाकून दे, तुले जमते हे.

अर्ज टाकला. अन् अर्जात मी नागपूरची आहे असं दाखवलं. बालाघाट म्हणलं का लोक विचारतात — ते मध्य प्रदेशात ना? मग मराठी कशी येते तुम्हाले? एकदा दुसऱ्या एका मुलाखतीत माझ्या तोंडून 'मले' निघालं होतं अन् समोरचा माणूस हसू दाबून पाणी प्याला होता. ते मी विसरली नाही. मी कुसुमताईले म्हणलं, ताई, आपली ओळख आहे हे तिथं नका सांगू, अन् मी बालाघाटची आहे हेही नका सांगू. ती हसली. "काहून वो, बालाघाट काय जेलात आहे?" मग माझं तोंड पाहून म्हणे, "बरं. नाही सांगत."

अन् तिनं नाही सांगतलं. दोन वर्षं कंपनीत आम्ही अनोळखी बायांसारख्या राह्यलो. मीटिंगमध्ये ती मले 'सुजाता मॅडम' म्हणायची, अन् मीटिंग सुटली का फोनवर 'काय वो सुजा, जेवली का?' स्वतः मात्र ती होती तशीच बोलायची. साहेबासमोरही 'काहून' अन् 'मले'. लोक तिची नक्कल करायचे — प्रेमानंच म्हणा. 'काहून कुसुमताई, काहून?' असं कोणी म्हणलं का ती सगळ्यात मोठ्यानं हसायची. मीही हसायची. मी काहून हसायची?

टीममध्ये आम्ही पाच जण. यंत्रणेत बदल करायचा तर प्रत्येकानं आपल्या नावानं करावा, म्हणजे नोंदीत दिसते कोणं काय केलं. मी आल्यावर ते सोपं करून टाकलं. म्हणजे — आळस केला, सरळ सांगते. पाच जणांले पाच ओळखी बनवण्यापेक्षा एकच सर्विस अकाउंट बनवलं, त्याले सगळे हक्क दिले, अन् त्याची किल्ली पाचही जणांले वाटली. कुसुमताईनं त्याच दिवशी टोकलं होतं. "असं नको करू सुजा. उद्या कोणाचा हात लागला ते कसं समजन?" मी म्हणलं, ताई, पुढच्या आठवड्यात वेगळं करते. तो आठवडा काही आला नाही.

मग तो एप्रिलचा दिवस. दोन वाजता लाइन जाणार होती, वीजवाले गल्लीत गाडीवरून सांगून गेलते. मले चाचणीसाठी डेटाबेसची एक नवीन प्रत उभी करायची होती, अन् तिले पासवर्ड द्यायचा होता. खरं तर तो यंत्रानं बनवायचा असते, अर्थ नसलेली लांबलचक अक्षरं, अन् तिजोरीसारखी जी वेगळी जागा असते तिथं ठेवायचा असते. दहा मिनिटांचं काम. घड्याळात पावणेदोन झाले होते. अन् तेवढ्यात दारात सिलिंडरवाला आला. "अम्मा, ये किसके नाम का है, आपका या बगलवाले का?" अन् आई तिचं नेहमीचं — "काहून मले विचारता? पोरीले विचारा."

हे आईचं पेटंट आहे. भाजीवाला असो, डॉक्टर असो, मत मागाले आलेला पुढारी असो — काहून मले विचारता. मले हसू आलं. बोटं कीबोर्डवर होतीच. इंग्रजी अक्षरात तेच टाकून दिलं, एका दमात, जागा न सोडता. kahunmalevicharta. तात्पुरतं टाकते, मग बदलू, असं स्वतःशीच पुटपुटली. अन् ती फाइल त्याच सगळ्यायच्या एका अकाउंटनं सरळ कोडमध्ये ठेवून दिली.

त्या फाइलीत पासवर्ड तसाच्या तसा दिसत नाही. वेडीवाकडी अक्षरं दिसतात. नवीन माणसाले वाटते कुलूप लागलं. कुलूप नसते ते. नुसती अक्षरं बदलून लिहलेली असतात, एक आदेश दिला का खालचा शब्द उघडा. हे मले माहीत होतं का? माहीत होतं. चांगलं माहीत होतं. लाइन गेली, पंखा थांबला, मी सिलिंडरची पावती घेतली, अन् विसरली.

पुढं जे व्हायचं ते झालं. चाचणीची प्रत चांगली चालते म्हणून कोणीतरी तीच खरी करून टाकली, लोकायचे रिपोर्ट तिच्यात जाऊ लागले. अन् कोडचा तो भाग बाहेरच्या एका कंपनीले पाहाले म्हणून उघडा केला, तो सगळ्या जगाले उघडा झाला. एका अनोळखी माणसानं ईमेल पाठवली — भला माणूस असावा — का तुमचा पासवर्ड रस्त्यावर पडला आहे, मी आत जाऊन आलो, लोकांचे रिपोर्ट वाचता येतात, लवकर बंद करा. लॅबवाले चवताळले. कोणाकोणाचे कसले कसले रिपोर्ट होते त्यात. आजही मी त्याचा पूर्ण विचार करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओवर मीटिंग लागली. निखिल सर आमचे वरचे, पुण्याचे, वाईट माणूस नाही. त्यायनं नोंदी काढल्या. नोंदीत काय होतं? तेच एक अकाउंट. सगळीकडं तेच नाव, माणूस कुठंच नाही. मी बनवलेली व्यवस्था चोख काम करून राह्यली होती. मग त्यायनं स्क्रीनवर ती फाइल उघडली, आदेश दिला, अन् खालून तो शब्द निघाला. सर एकेक अक्षर जोडून वाचाले लागले. का... हून... मा-ले... हे काय आहे?

कोणीतरी फिस्सकन हसलं. अन् कुसुमताई — हे मले जन्मभर दिसत राहणार — कुसुमताई आपल्या चौकटीत एकदम खुलली. "अरे बाप्पा! ही तर आमची बोली आहे!" तिले आनंद झालता हो. एवढ्या मोठ्या स्क्रीनवर, इंग्रजीच्या त्या सगळ्या जंगलात आपल्या घरचा शब्द दिसला म्हणून. बाकीचं तिच्या ध्यानात याले दोन-तीन सेकंद लागले. तेवढ्यात सगळे तिच्याकडं पाहून राह्यले होते. मग तिचा चेहरा उतरला.

सर म्हणाले, "कुसुमताई, हे तुमचंच ना?" ती म्हणाली, "नाही सर. म्हणजे — मले आठवत नाही. मी असं कधी टाकत नाही." सर शांतपणे म्हणाले, "पण इथे दुसरं कोण असं बोलतं?"

हा प्रश्न त्यायनं सगळ्यायले विचारला होता. मलेही. माझा माइक बंद होता, त्याच्यावर लाल रेघ होती. मी त्या रेघेकडं पाहत बसली. एक बोट लावलं असतं तर ती गेली असती. कुसुमताईले माझं नाव घेता आलं असतं. ही सुजाताही अशीच बोलते, बालाघाटची आहे, माझ्या हाताखाली शिकली — एवढं म्हणाली असती तर माझी बोलती बंद झाली असती. ती म्हणाली नाही. तिनं 'बरं, नाही सांगत' म्हणलं होतं ना.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, भित्री आहे ही. हौ. भित्री. नोकरीसाठी भ्याली, अन् नोकरीपेक्षाही जास्त त्या 'मले'साठी भ्याली. पण एवढंच असतं तर मी कधीची कोणाजवळ तरी बोलली असती. गप्प बसणारे पुष्कळ असतात, त्यांच्यात एक मीही असती. मी जे सांगाले बसली आहे ते ह्याच्या पुढचं आहे. अन् बघा — पाहा — आत्ताही माझा हात दुसरीकडंच वळून राह्यला. आधी तिच्या मायबद्दल सांगते. ते सांगावंच लागेल.

कुसुमताईची माय लामत्याले राहायची, भावाकडं. तिले विसर पडाले लागला होता. आधी चाव्या, मग नावं, मग गाव. कुसुमताई दर शनिवारी लामत्याले जाई, अन् माय तिले विचारी, कोणाची पोरगी तू? हे ताई हसत हसत सांगायची. पण एकदा फोनवर हसली नाही. म्हणाली, "सुजा, माय अशीच सुरू झालती वो. माझ्याच वयाची असन. मले कधी कधी लय भेव वाटते." मी म्हणलं, ताई, काहीतरीच काय. ही गोष्ट तिनं नवऱ्याले सांगतली नव्हती, पोरीले नाही. कंपनीत तर कोणालेच नाही. फक्त मले.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज बारीक झालता. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "सुजा, एक खरं सांग. मी कोणाले सांगणार नाही. तू तर नाही लिवलं ना?"

किती सोपं करून ठेवलं होतं तिनं. 'हौ ताई' एवढेच दोन शब्द. ती ओरडली असती, अवो मग सांगाचं ना मले, म्हणली असती, अन् पाच मिनिटांनी माझ्यासोबत बसून सरले काय लिहायचं ते ठरवलं असतं. मले माहीत आहे. मी तिले ओळखते. मी म्हणलं, "नाही ताई." इतक्या लवकर म्हणलं का माझं मलेच नवल वाटलं.

नवऱ्याच्या दुकानाच्या शटरचा आवाज येऊन राह्यला होता तिच्याकडून. मग म्हणाली, "मग मीच लिवलं असन. दुसरं कोण? पण मले काहीच कसं आठवत नाही वो? थोडंबी आठवत नाही."

अन् मी — आता हे लिहूनच टाकते, नाहीतर पुन्हा भांडे घासाले उठीन — मी म्हणलं, "हौ ताई, आता तुम्ही म्हणता तर मले आठवते. त्या दिवशी तुम्ही लामत्याहून आलत्या. थकून होत्या. फोनवर मलेच म्हणल्या होत्या, तात्पुरतं टाकते, मग बदलू. होते असं ताई. विसर पडते."

असा फोन झालाच नव्हता. लामत्याचं मी त्याच क्षणी जोडलं. 'तात्पुरतं टाकते, मग बदलू' हे माझं वाक्य होतं, माझ्या तोंडचं, पंखा थांबायच्या आधीचं. ते मी उचलून तिच्या तोंडात ठेवलं. अन् 'विसर पडते' हे मी मुद्दाम म्हणलं. कुठं लागेल ते मले माहीत होतं, तिथंच लावलं. मी गडबडून बोलून गेली असं म्हणायची सोय नाही. बोलताना माझा आवाज मायेचा होता. मी तिची समजूत घालून राह्यली होती.

तिनं विचारलं, "म्हणलं होतं का मी असं?" मी म्हणलं, हौ. ती म्हणाली, "बरं झालं तू सांगतलं सुजा. मी तर वेडीच झाली असती, कोणं लिवलं, कोणं लिवलं म्हणून."

तिनं माझे आभार मानले. ऐकून राह्यले ना तुम्ही?

त्याच संध्याकाळी तिनं सरले ईमेल लिहली. चूक माझ्याकडून झाली, मले आठवत नाही, पण माझ्याकडूनच झाली. पाठवायच्या आधी मले दाखवली — इंग्रजी पाहून दे म्हणे. मी पाहून दिली. दोन स्पेलिंग सुधारले. एका ठिकाणी 'बहुतेक' अशा अर्थाचं होतं, ते काढा म्हणलं, बरं दिसत नाही. तिनं काढलं. कंपनीनं तिले काढलं नाही, राजीनामा द्या म्हणलं, सभ्य भाषेत. तिनं दिला. शेवटच्या मीटिंगमध्ये कोणीतरी 'काहून चालल्या ताई' म्हणलं अन् ती हसली, नेहमीसारखी मोठ्यानं नाही.

तिचं काम माझ्याकडं आलं. मग मले एकदम शिस्त सुचली. प्रत्येक माणसाले वेगळी ओळख, प्रत्येक प्रोग्रॅमले वेगळं अकाउंट, पासवर्ड सगळे तिजोरीत, महिन्याच्या महिन्याले बदल. आता कोणाचा हात कुठं लागला ते एका मिनिटात समजते. मी त्याच्यावर सगळ्या कंपनीसमोर बोलली, छान छान मराठीत. सर म्हणाले, सुजातामुळे आपण सुधारलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे त्या स्क्रीनवर पिवळे हात उडतात ते. मी धन्यवाद म्हणलं. कुसुमताईनं हेच सगळं मले पहिल्या दिवशी सांगतलं होतं, तिचं नाव मी घेतलं नाही. घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. तेवढंही जमलं नाही मले.

सांगून टाकायचा विचार केलाच नाही असं नाही. पुष्कळदा केला. फोन हातात घ्यायची, तिचं नाव काढायची, मग वाटायचं — आता तिले सवय झाली असन, आता कशाले उकरायचं. असं तिच्या भल्याचं काहीतरी सापडायचंच मले दरवेळी. सहा महिन्यांनी ते सापडे, वर्षानं सापडे. मग मी फोन करणंच सोडलं. तिचे येत, दोन उचलायची, तीन नाही. मग तिचेही कमी झाले.

मागच्या महिन्यात मावसबहिणीकडं वारासिवनीले गेलती. बाजारातून येताना समोरून हाक आली, "सुजा! ए सुजा!" फोटोकॉपी अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे भाऊजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. ती काउंटरमागं बसली होती. पळून जाता आलं नाही. तिनं स्टूल पुसून दिलं, समोरच्या टपरीवर चहा सांगतला. केस पुष्कळ पांढरे झाले. चष्मा आता डोक्यावर नाही, दोरी लावून गळ्यात. अन् काउंटरवर एक जाड वही, तिलेही सुतळीनं पेन बांधलेलं.

मी वहीकडं पाहून राह्यली ते तिनं पाहलं. "सगळं लिवते आता," ती म्हणाली. "कोणं कोणता कागद दिला, गॅस बंद केला का, माठ भरला का. त्या पासवर्डच्या वेळीच समजलं ना मले, का मायचं ते मलेही सुरू झालं." कॉम्प्युटरले ती हात लावत नाही. फॉर्म भाऊजी भरतात, ती नुसते कागद मोजते अन् लिहून ठेवते. भाऊजी मागून म्हणाले, "डॉक्टर बोला कुछ नहीं है. गोंदियावाला बोला, नागपूरवाला बोला. ये मानती नहीं." ती त्यायच्याकडं न पाहता म्हणाली, "काही नाही कसं? स्वतःच्या हातानं लिवलेलं आठवत नाही मले, अन् काही नाही कसं?"

चार वर्षांत ती दुसरं काही विसरली नाही. समजून राह्यले ना तुम्ही? एक नाव नाही, एक तारीख नाही. माय तिची वारली, त्या दिवशी कोण कोण आलतं ते तिनं मले सांगतलं, एकेका घराचं नाव घेऊन. तिच्या आजाराचा पुरावा एकच आहे, अन् तो मी दिला.

चहा आला. ती म्हणाली, "थांब, तू आली आहेस तर एक विचारते. पोरीच्या लग्नात तू आलती का वो? हे म्हणतात आलती. मले वाटते नव्हती."

मी नव्हती गेली. पत्रिका आलती, दोन फोन आलते, मी तापाचं सांगतलं होतं. म्हणलं, "नाही आली ताई."

तिनं काउंटरवर हात आपटला. "पाहा! म्हणलं होतं ना मी!" भाऊजींकडं वळून, जुनी कुसुमताई, मोठ्यानं हसत. "म्हणलं होतं ना, नव्हती आली! बरोबर आठवते मले!" वही ओढली, लिहलं, बाजूले बरोबरची खूण केली. काहून आली नाही, ते तिनं विचारलंच नाही. तिचे डोळे चमकून राह्यले होते.

हीच वेळ होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भाऊजी मागं मशीनमध्ये कागद भरत होते. मी ग्लास खाली ठेवला. तोंड उघडलंही असन.

ती म्हणाली, "अजून एक. बाकी सगळं आठवते वो मले, ते एकच काही केल्या आठवत नाही. त्या दिवशी मी तुले फोनवर काय म्हणलती? पुन्हा एकदा सांग. लिवून ठेवते, म्हणजे रोज वाचीन तर कधीतरी आठवन."

पेन हातात धरून ती माझ्याकडं पाहत बसली.

मी सांगतलं. लामत्याहून आलत्या. थकून होत्या. तात्पुरतं टाकते, मग बदलू. तेच सगळं, शब्दाले शब्द, हळूहळू, तिले लिहता येईल असं. मधात एकदा ती 'थांब' म्हणाली तर मी थांबली.

तिनं पूर्ण लिहून घेतलं, मले वाचून दाखवलं अन् विचारलं, बरोबर आहे ना? मी हौ म्हणलं.